गोदावरीच्या मुखाशी खचणारी भुई आणि सिल्लोडचा गाळ

मे महिन्यात सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या आटलेल्या पाझर तलावावर गेलात, तर पोकलेनने कापलेला गाळाचा उभा काप पाहायला मिळतो. वर उन्हाने भेगाळलेला, पापुद्रे सुटलेला थर. त्याखाली हाताला चिकटणारी काळी, गार माती आणि तिच्यात अधूनमधून बारीक शिंपले. तळाला मुरूम लागला की चालक बकेट थांबवतो आणि भरलेली ट्रॉली हलक्या रानाकडे निघते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ सालची. तळ्यातला गाळ रानात टाकायची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. मका आणि मिरची घेणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला त्या मातीची किंमत कुणी सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात गाळासाठी नंबर लावावे लागतात.

हा गाळ तळ्यात अडला नसता तर कुठे गेला असता, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधत गेले की माणूस सरळ रेषेत सुमारे आठशे किलोमीटरवर, आंध्र प्रदेशातल्या काकिनाड्याच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचतो. तिथली जमीन बसत चालली आहे आणि समुद्र आत येतो आहे. हे कळायला जशी किनाऱ्यावरच्या लोकांची तक्रार कारणीभूत झाली, तशीच आकाशातून काढलेली चित्रेही झाली.

अजिंठ्याचा डोंगर हा आपल्याकडचा पाणलोटाचा दांडा. डोंगराच्या उत्तरेकडे पडलेला पाऊस वाघूरमार्गे तापीला आणि तिथून अरबी समुद्राला जातो. दक्षिणेकडचा पाऊस सिल्लोडच्या पठारावरून खेळणा नदीत उतरतो. ही नदी भोकरदनवरून पुढे जाऊन जाफराबादजवळ पूर्णेला मिळते. पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीत जाते आणि गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरम इथे तिला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांमधला सपाट, हिरवागार प्रदेश म्हणजे कोनसीमा. नारळ, भात आणि केळीचा हा मुलूख सगळाच्या सगळा नदीने वाहून आणलेल्या मातीचा आहे. त्यात खालच्या जंगलांतून येणाऱ्या प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांचा मोठा वाटा आहे, तसा दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेचाही आहे.

हा वाटा केवढा होता याचा पुरावा बंगालच्या उपसागराच्या तळातून आला. गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळाला भोक पाडून काढलेला गाळाचा लांब दांडा अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या लिव्हिउ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थराथराने तपासला आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. गेल्या काही हजार वर्षांत पावसाळा जसजसा क्षीण होत गेला, तसतशी दख्खनवरची माती अधिक वाहू लागली. त्यात पठारावर शेती आली, आणि लोहयुगात नांगराखालची जमीन वाढल्यावर धूप आणखी वाढली. समुद्राची पातळी जवळपास स्थिर असतानाही गोदावरीसमोरचा किनारा त्या काळात झपाट्याने पुढे सरकला. जोर्वे आणि दायमाबादच्या ताम्रपाषाणयुगातल्या वस्त्या आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. प्रवरेच्या काठच्या त्या माणसांच्या नांगरटीची माती आज कोनसीमेच्या भातखाचरांखाली असणार, हे मला त्या अभ्यासातले सगळ्यात थक्क करणारे वाटते. वर उजाड होत गेलेल्या जमिनीने खाली एक नवा सुपीक प्रांत उभा केला. धूप म्हणजे नुसता नाश, असे आपण शाळेत शिकलो. किनाऱ्यावरून पाहिले तर तीच धूप जमीन घडवत होती.

इंग्रजांच्या काळात या जमिनीला पाणी मिळाले. १८३०च्या दशकात गोदावरी जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला होता. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला नदी आडवी बांधली. कालवे निघाले आणि उपासमारीचा प्रदेश भाताचे कोठार झाला. आजही तिथे कॉटनचे पुतळे गावोगाव दिसतात आणि लोक त्याचे नाव आदराने घेतात. कॉटनचा बंधारा बुटका होता. पावसाळ्यातला लोंढा त्याच्यावरून गाळासकट निघून जायचा, त्यामुळे कालव्याने शेत भिजायचे आणि पुराने समुद्राकाठी नवी माती पडत राहायची. त्याच शतकात काकिनाड्यासमोर वाळूचा एक लांब पट्टा समुद्रात वाढत गेला. त्याला होप बेट म्हणतात. ते नदीच्या गाळानेच बनले आणि त्याच्या आडोशाने काकिनाड्याचे बंदर लाटांपासून सुरक्षित राहिले. जवळचे कोरिंगा हे जुने बंदर १८३९च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले होते. या किनाऱ्यावर माती आणि समुद्र यांची चढाओढ जुनीच आहे. फरक एवढाच की तेव्हा दर पावसाळ्याला नदी मातीची बाजू भरून काढत होती.

हे गणित बिघडले ते स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत. १९६५च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि १९७६च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. पूर्णेवर येलदरी १९६८ साली पूर्ण झाले आणि त्याच्या खाली सिद्धेश्वर आले. तेलंगणात पोचमपाड इथे श्रीरामसागर उभे राहिले. मधल्या काळात १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या त्या पिढीला बहात्तर म्हटले की सुकडी, खडी फोडणारे हात आणि मैलोन्‌मैल चाललेली कामे आठवतात. रोजगाराच्या त्या कामांतून शेकडो पाझर तलाव आणि नालाबांध झाले. आज आपण ज्या तळ्यांतून गाळ उपसतो, त्यांतली कितीतरी तेव्हाची. ती बांधणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. आठशे किलोमीटर खालचा किनारा त्यांच्या ध्यानात यायचे काही कारण नव्हते. घरात पाणी नसलेल्या माणसाने आधी पाणी अडवायचे असते.

त्याच १९७२ सालच्या २३ जुलैला अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. तो दर १८ दिवसांनी त्याच जागेवरून जायचा. दोन वर्षांत हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था सुरू झाली आणि १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह कक्षेत गेला. म्हणजे ज्या वर्षांत गोदावरी अडवली जात होती, नेमक्या त्याच वर्षांत तिचे खोरे आणि किनारा वरून टिपणारे डोळेही तयार होत होते. यामागे कुणाची योजना नव्हती, पण त्यामुळेच पुढे हा सगळा बदल सालागणिक तपासता आला.

या चित्रांचा एक उपयोग धरणांच्या गाळाचे मोजमाप करण्यासाठी होतो. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे 'मेरी'त, हे काम चालते. धरण भरल्यापासून ते उन्हाळ्यात तळ गाठेपर्यंतच्या वेगवेगळ्या तारखांची चित्रे घ्यायची. प्रत्येक तारखेला पाण्याचा पसारा किती होता ते चित्रावर मोजायचे आणि त्या दिवशीची पातळी धरणाच्या नोंदवहीतून घ्यायची. त्याच पातळीला मूळ नकाशात पसारा जेवढा होता, त्याहून आज तो जितका आक्रसला, तेवढी जागा गाळाने खाल्ली. नाव-दोरीने महिनोन्‌महिने चालणारी मोजणी अशी काही चित्रांवर होऊ लागली. श्रीरामसागराची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती; पुढच्या मोजण्यांत ती नव्वदच्या आसपास भरली. नांदेडच्या खाली लगेचच हा जलाशय लागतो. मांजरा, पूर्णा आणि मराठवाड्यातली गोदावरी यांनी आणलेली माती तिथे येऊन थबकते.

खाली किनाऱ्यावर काय झाले ते विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातले के. नागेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मांडले. १९७० ते १९७९ या काळात गोदावरी दरवर्षी सुमारे १५ कोटी २ लाख टन गाळ खाली आणत होती. २०००-२००६ मध्ये तो आकडा ५ कोटी ७२ लाख टनांवर आला. पाण्यात फारसा फरक पडला नव्हता. पाणी येत होते, त्यातली माती कमी झाली होती. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्याच कृष्णेची अवस्था याहून वाईट. तिचा गाळ ९० लाख टनांवरून अवघ्या ४ लाख टनांवर आला आणि समुद्रापर्यंत पोहोचणारे पाणीही जवळपास पाचपट घटले. या दोन नद्यांच्या मिळून ३३६ किलोमीटर किनाऱ्यावर १९६५ ते २००८ या ४३ वर्षांत निव्वळ ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. १९९०पर्यंत वर्षाला सरासरी १.३९ चौरस किलोमीटर जात होती. नंतरच्या दशकात तो वेग २.३२वर गेला. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा हे कोळी-विणकरांचे गाव आहे. तिथे समुद्राने घरे आणि रस्ता पुन्हा पुन्हा गिळला. लाटांची बदललेली दिशा, किनाऱ्यावरची बांधकामे अशी तिथली आणखीही कारणे सांगतात, आणि सगळा दोष धरणांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण माती भरून येत नसेल तर गेलेला किनारा परत येत नाही, एवढे नक्की.

समुद्राने किनारा कातरणे डोळ्याला दिसते. जमीन बसणे दिसत नाही. नदीने नव्याने टाकलेला चिखल पाण्याने भरलेला असतो. वरच्या थरांच्या भाराने त्यातले पाणी हळूहळू पिळले जाते आणि थर आवळत जातो. हे थांबत नाही, शतकानुशतके चालते. पूर येऊन दरवर्षी वर नवा थर पडला, तर उंची टिकून राहते. तो थर थांबला की खालचे आवळणे तेवढे उरते. त्यात विहिरींतून आणि बोअरमधून पाणी ओढले की चिखल आणखी दबतो. गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात १९९०नंतर कोळंबी आणि माशांची तळी हजारो एकरांवर पसरली. समुद्रसपाटीपासून हाताच्या उंचीवर असलेल्या जमिनीला थोडे बसणेही परवडत नाही. नोव्हेंबर १९७७मध्ये कृष्णेच्या मुखाशी अशाच सखल दिविसीमेत वादळाची लाट आत शिरली, तेव्हा दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

जगभरचे चित्र २००९ साली स्पष्ट झाले. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वीची उंची मोजली होती. ते मोजमाप वापरून कोलोरॅडो विद्यापीठातले जेम्स सिवित्स्की आणि त्यांच्या गटाने ३३ मोठे त्रिभुज प्रदेश तपासले. त्यांपैकी २४ खचत होते. गोदावरी आणि कृष्णा दोन्ही त्यांच्या यादीत होत्या. समुद्र वर येण्यापेक्षा जमीन खाली जाण्याचा वेग कित्येक ठिकाणी जास्त आहे, हे त्यांनी ठळकपणे सांगितले.

खचण्याचा वेग मिलिमीटरमध्ये मोजायची विद्या मात्र वेगळी आहे आणि तिची सुरुवात काळ्या जमिनीसारख्याच एका जमिनीतून झाली. १९७८च्या जूनमध्ये नासाने सीसॅट हा समुद्राची पाहणी करणारा उपग्रह सोडला. विजेच्या बिघाडाने तो १०५ दिवसांतच बंद पडला, पण त्याच्या रडारने टिपलेली माहिती उरली. गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेब्कर या तिघांनी कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्याच्या त्या जुन्या नोंदी एकमेकांवर ठेवून पाहिल्या. काही शेते काही सेंटिमीटरने वर आलेली दिसली. ती नुकतीच भिजवलेली शेते होती. पाणी पिऊन चिकण माती फुगली होती. १९८९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि मृगाच्या पावसाने फुगून त्या मिटवणारी आपली काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल याचे, की ते शेकडो किलोमीटर उंचीवरून मोजता आले.

कृती सांगायला सोपी आहे. उपग्रह स्वतःची रडारलहर खाली सोडतो, त्यामुळे रात्र किंवा ढग आड येत नाहीत. आपल्यासारख्या पावसाळी मुलखात हे फार महत्त्वाचे. परत आलेली लहर कोणत्या टप्प्यावर आहे याची नोंद होते. काही दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेने येतो आणि तीच नोंद करतो. मधल्या काळात जमीन खाली गेली असेल, तर लहरीला थोडा जास्त प्रवास करावा लागतो आणि टप्पा सरकतो. युरोपच्या सेंटिनेल-१ची लहर साधारण ५.६ सेंटिमीटरची, जाणे-येणे धरून २.८ सेंटिमीटरला एक फेरा पुरा होतो आणि त्याचे बारीक भागही वाचता येतात. १९९२च्या लँडर्स भूकंपाने कॅलिफोर्नियातली जमीन कशी सरकली याचे असे चित्र १९९३ साली 'नेचर'मध्ये आले आणि जगभरच्या भूवैज्ञानिकांचे लक्ष तिकडे गेले. २०००च्या सुमारास मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या फेरेती, प्राती आणि रोका यांनी आणखी एक वाट काढली. छपरे, कठडे, पूल, खांब अशा वर्षानुवर्षे सारखाच प्रतिसाद देणाऱ्या जागा निवडून फक्त त्यांचाच मागोवा घ्यायचा. तेव्हापासून शहरे घरागणिक वाचता येऊ लागली.

मुंबईचे नाव त्यातूनच पुढे आले. मुंबईची मूळ बेटे आपल्यासारख्याच बेसाल्टची. पण बेटांमधल्या खाड्या आणि दलदली दोन शतके भराव टाकून बुजवल्या गेल्या. भराव आणि खालचा चिखल अजून बसतो आहे. २०२२ साली ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या गटाने जगातली ९९ किनारी शहरे तपासली. त्यांपैकी ३३ शहरांचे काही भाग वर्षाला १० मिलिमीटरहून वेगाने खचताना आढळले. तियानजिन, सेमारांग, जकार्ता ही नावे सगळ्यात वर होती. २०२५च्या ऑक्टोबरात भारतातल्या पाच महानगरांचा अभ्यास आला. त्यात मुंबईतल्या सर्वाधिक खचणाऱ्या जागेचा वेग वर्षाला २६.१ मिलिमीटर निघाला. दिल्लीत तो ५१ होता. तिथे समुद्र नाही, पण गाळाची जमीन आणि अतोनात उपसा आहे. सिल्लोडच्या विहिरी कितीही खोल गेल्या तरी आपली भुई अशी बसत नाही, कारण आपले पाणी कठीण खडकाच्या फटींत असते. ते गेले तरी खडक उभा राहतो. आपल्या उपशाची शिक्षा आपल्याला कोरड्या विहिरीच्या रूपाने मिळते, खचलेल्या अंगणाच्या रूपाने नाही. म्हणूनच हा प्रश्न आपल्याला लवकर आपला वाटत नाही.

शहरांचे असे बारीक मोजमाप झाले, तरी कोनसीमेसारख्या भागात ते अवघड राहिले. पाच-सहा सेंटिमीटरची लहर नारळाच्या झावळ्यांवर आणि भाताच्या पातीवर आपटून परतते. पुढच्या फेरीपर्यंत झावळ्या हललेल्या असतात, भात वाढलेला असतो आणि दोन नोंदींचा मेळ बसत नाही. ज्या जमिनीला सगळ्यात जास्त गरज, तिचेच चित्र धूसर.

पाण्याचा हिशेब मात्र चोख झाला. १९६९ साली नेमलेल्या गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला. कोणत्या उपखोऱ्यात कोणत्या राज्याने किती पाणी वापरायचे ते ठरले. बाभळीसारख्या बंधाऱ्यावरून दोन राज्ये पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. पाण्याबरोबर नदी माती आणते आणि खालच्या लोकांचा त्या मातीवरही काही हक्क असू शकतो, हा मुद्दा वाटणीत आला नाही. त्या मातीवाचून खालची जमीन किती खचते हे आकाशातून मोजायचे साधनही तेव्हा कुणाकडे नव्हते. आता आहे. पुराच्या सुरुवातीला गढूळ लोंढा खालच्या दारांतून पुढे सोडायचा आणि साठवण नंतरच्या स्वच्छ पाण्याची करायची, हा उपाय जगात काही धरणांवर वापरतात. आपल्या जुन्या धरणांत तशी दारे असतातच असे नाही आणि तुटीच्या मराठवाड्यात पहिले पाणी सोडून द्या म्हणणे सोपे नाही. तरी गोदावरी खोऱ्यातल्या राज्यांनी गाळाचा हिशेब एकत्र मांडावा, अशी मागणी निदान वरच्या बाजूने, आपल्याकडून व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. आपण माती अडवतो, म्हणून पहिला शब्दही आपण काढावा.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ने निसार उपग्रह सोडला. नासा आणि इस्रोने मिळून तो बनवला आहे. त्याची जाळीची अँटेना १२ मीटर व्यासाची आहे आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो. त्यावर दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, म्हणजे झावळ्या आणि पिकांतून खाली जमिनीपर्यंत जाणारी. दुसरे, सुमारे दहा सेंटिमीटर लहरीचे, अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्राने घडवले. या भारतीय रडारने १९ ऑगस्टला जे पहिले चित्र टिपले, ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे होते. त्यात खारफुटी, शेते, सुपारीच्या बागा आणि मत्स्यतळी वेगवेगळी ओळखू येतात. जमीन किती खचते आहे ते एका चित्रातून कळत नाही. त्यासाठी त्याच जागेच्या नोंदींचा गठ्ठा लागतो, काही पावसाळ्यांचा. तो आता दर बारा दिवसांनी एकेका पानाने वाढतो आहे, आणि त्याच फेऱ्यांत खेळणा, येलदरी, जायकवाडी आणि श्रीरामसागर यांचीही नोंद होते आहे.